दुकानातील संगणक आणि मुक्त प्रणाली : लिनक्स बरी की बीएसडी?

दुकानासाठी किंवा कारखान्यासाठी संगणक घ्यायचा असला की आपले व्यापारी बांधव चार ठिकाणी भाव काढतात, वॉरंटी किती वर्षांची ते विचारतात, पक्के बिल मागतात. हे योग्यच आहे. परंतु त्या यंत्राला चालवणारी जी ऑपरेटिंग सिस्टीम आत भरलेली असते, तिच्याविषयी फारसे कोणी विचारत नाही. संगणक जोडून देणारा म्हणतो, "विंडोज, ऑफिस सगळे टाकून देतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत." आपण खूश होतो. ज्या मालाला बाजारात किंमत आहे तो फुकट कसा मिळतो, हा प्रश्न कापड किंवा लोखंड घेताना आपल्या मनात लगेच आला असता. संगणकाच्या बाबतीत तो येत नाही. अशी टाकून दिलेली प्रत बहुधा विनापरवाना, म्हणजे सरळ शब्दांत चोरीची असते.

हा विषय आता घेण्याचे आणखी एक कारण आहे. विंडोज १० या प्रणालीचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. तिच्यानंतरची विंडोज ११ बऱ्याच जुन्या यंत्रांवर अधिकृतपणे बसत नाही. म्हणजे चांगला चालणारा संगणक केवळ प्रणालीपायी बाजूला टाकावा लागेल की काय, अशी चिंता अनेकांपुढे आहे. या दोन्ही अडचणींवर एकच उपाय आहे, तो म्हणजे युनिक्सच्या धर्तीवर बनलेल्या मुक्त प्रणाली. या प्रणाली अनेक आहेत. त्यांतील कोणती आपल्या कामाची, हे या लेखात आम्ही समजावून सांगणार आहोत.

चोरीची प्रत आणि हलाल रोजी

प्रथम मूळ मुद्दा. काही जण म्हणतात की, प्रोग्रामची नक्कल केल्याने मालकाकडील वस्तू कमी होत नाही, मग ती चोरी कशी? या शंकेचे उत्तर उलेमांनी पूर्वीच दिले आहे. आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीच्या डिसेंबर १९८८ मध्ये कुवेत येथे भरलेल्या अधिवेशनात यावर ठराव झाला. व्यापारी नाव, व्यापारचिन्ह, लेखन आणि शोध यांवर त्यांच्या मालकांचा हक्क आहे, या हक्कांना आर्थिक मूल्य आहे, शरीअत त्यांचे रक्षण करते आणि त्यांवर अतिक्रमण करता येत नाही, असा त्या ठरावाचा आशय आहे.

देशाचा कायदाही स्पष्ट आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने कलम ६३ ब घालण्यात आले. संगणक प्रोग्रामची चोरीची प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्यास किमान सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड अशी तरतूद त्यात करण्यात आली. धंद्यासाठी वापर नसेल तर कैदेतून सूट देण्याचा अधिकार न्यायालयाला ठेवला गेला. म्हणजे व्यापाऱ्याला ती सवलतही नाही.

पवित्र कुरआनच्या सूरह मुतफ्फिफीनमध्ये माप-तोलात लबाडी करणाऱ्यांचा कडक धिक्कार आहे, हे प्रत्येक दुकानदाराला ठाऊक असते. तराजू बरोबर ठेवणाऱ्या माणसाने त्याच गल्ल्यावरचे बिल चोरीच्या प्रणालीवर छापावे, हे आम्हाला विसंगत वाटते.

फुकट नव्हे, मुक्त

इंग्रजीत 'फ्री' या एकाच शब्दाचे दोन अर्थ होतात आणि त्यामुळे घोटाळा होतो. आपल्याकडे हा घोटाळा नाही. मराठीत 'फुकट' वेगळे आणि 'मुक्त' वेगळे, उर्दूत 'मुफ्त' वेगळे आणि 'आझाद' वेगळे. ज्या प्रणालींविषयी आम्ही बोलत आहोत त्या बहुतेक फुकटही मिळतात, पण त्यांचे खरे वैशिष्ट्य त्या मुक्त आहेत हे आहे. त्यांचा मूळ मजकूर, म्हणजे प्रोग्राम ज्या लिखाणातून तयार होतो ते लिखाण, कोणालाही पाहता येते, बदलता येते, त्याच्या प्रती काढून वाटता येतात आणि विकताही येतात. एक प्रत दहा यंत्रांवर टाकली तरी ती चोरी होत नाही, कारण मालकानेच तशी लेखी परवानगी दिलेली आहे.

एका घराण्याच्या दोन शाखा

युनिक्सचा जन्म १९६९ मध्ये अमेरिकेतील बेल लॅब्ज या प्रयोगशाळेत झाला. केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची हे तिचे प्रमुख कर्ते. ही प्रयोगशाळा एटी अँड टी या टेलिफोन कंपनीची होती. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील मंडळींनी युनिक्समध्ये पुष्कळ भर घालून आपली आवृत्ती काढली. तिचे नाव बीएसडी.

दुसरीकडे रिचर्ड स्टॉलमन यांनी सप्टेंबर १९८३ मध्ये 'ग्नू' नावाची संपूर्ण मुक्त प्रणाली बनवण्याची घोषणा केली. तिचे बहुतेक भाग तयार झाले, परंतु सर्वांत आतला गाभा, ज्याला कर्नल म्हणतात, तो रखडला. ती उणीव फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाचा २१ वर्षांचा विद्यार्थी लिनस टॉरवाल्ड्स याने भरून काढली. ऑगस्ट १९९१ मध्ये त्याने आपल्या कामाची वार्ता दिली आणि पुढच्याच महिन्यात लिनक्स कर्नलची पहिली प्रत बाहेर आली. पहिल्या परवान्यात त्याने प्रतीसाठी पैसे घेण्यास मनाई केली होती. १९९२ मध्ये त्याने ती अट काढून स्टॉलमन यांचा जीपीएल परवाना स्वीकारला आणि लिनक्सच्या व्यापाराची वाट मोकळी झाली.

त्याच वर्षी बीएसडी घरगुती संगणकावर चालू लागली होती. पण १९९२ मध्येच एटी अँड टीच्या शाखेने बीएसडीवर खटला भरला. १९९४ च्या आरंभी तो तडजोडीने मिटला. सुमारे १८ हजार फाइलींपैकी फक्त तीन काढाव्या लागल्या. तरीही या दोन वर्षांत लोक वादग्रस्त मालापासून दूर राहिले आणि लिनक्सकडे वळले. मालावर कज्जा असला की चांगल्या मालालाही गिऱ्हाईक मिळत नाही, हा बाजाराचा नियम इथेही दिसून आला. बीएसडी गुणाने कमी म्हणून मागे पडली नाही.

दोन परवाने

या दोन शाखांतील पहिला फरक परवान्याचा. तो समजण्यासाठी आम्ही एक ओळखीची उपमा घेतो, अर्थात उपमेपुरतीच.

जीपीएल परवाना हा वक्फ केलेल्या विहिरीसारखा आहे. पाणी कोणीही भरावे, पखालीतून नेऊन विकावे, विहीर खोल करावी, पण तिला कुंपण घालून ती स्वतःची करता येत नाही. लिनक्समध्ये सुधारणा करून ती दुसऱ्याला देणाऱ्यास सुधारलेला मूळ मजकूरही द्यावा लागतो.

बीएसडी परवाना हा हातात देऊन टाकलेल्या देणगीसारखा आहे. घेणाऱ्याने तिचे काय करावे यावर बंधन नाही. देणाऱ्याचे नाव पुसायचे नाही आणि बिघाड झाल्यास त्याला जबाबदार धरायचे नाही, एवढीच अपेक्षा. म्हणून मोठ्या कंपन्या बीएसडीचा मजकूर घेऊन आपला बंदिस्त माल बनवू शकतात. ॲपलच्या मॅक संगणकांच्या प्रणालीत आणि सोनीच्या प्लेस्टेशन ४ या खेळाच्या यंत्रात बीएसडीचा अंश आहे, तो असाच.

केवळ वापर करणाऱ्या दुकानदाराला या फरकाने रोजच्या कामात काही अडत नाही. पण जो कारागीर या प्रणालीवर यंत्र बनवून विकणार असेल, उदाहरणार्थ वजनकाटा किंवा कटिंग मशीनचा नियंत्रक, त्याने हा फरक पक्का ध्यानात ठेवावा.

बांधणीतील फरक

दुसरा फरक बांधणीचा. लिनक्स हे खरे म्हणजे फक्त इंजिन आहे. जसे ट्रकची चासी एका कंपनीची असते आणि बॉडी वेगवेगळ्या कारखान्यांत बांधली जाते, तसे लिनक्सच्या कर्नलवर ग्नूची साधने, पडद्यावरील खिडक्या आणि इतर प्रोग्राम बसवून वेगवेगळ्या संस्था पूर्ण प्रणाली देतात. अशा बांधणीला डिस्ट्रिब्युशन म्हणतात. बीएसडीमध्ये मात्र कर्नल आणि मूलभूत साधने एकच मंडळी एकत्र बनवतात. त्यामुळे तिची रचना एकसंध असते आणि माहितीपुस्तिका नेमक्या असतात. फ्रीबीएसडीची पुस्तिका यासाठी नावाजलेली आहे.

लिनक्सच्या बांधण्या

डेबियन ही १९९३ मध्ये इयन मर्डॉक यांनी सुरू केली. तिच्या मागे कोणतीही कंपनी नाही, स्वयंसेवक ती चालवतात. साधारण दोन वर्षांनी नवी आवृत्ती येते आणि प्रत्येक आवृत्तीला सुमारे पाच वर्षे दुरुस्त्या मिळतात. ऑगस्ट २०२५ मध्ये तिची १३ वी आवृत्ती आली. स्थिरपणा हा तिचा मोठा गुण. उबुंटू ही २००४ पासून डेबियनच्या पायावर एक कंपनी काढते. तिच्या दीर्घकालीन आवृत्त्या दर दोन वर्षांनी येतात आणि त्यांनाही पाच वर्षे आधार असतो. लिनक्स मिंट ही उबुंटूवर बेतलेली असून तिचा पडदा विंडोजच्या जुन्या सवयीला जवळचा आहे. खाली डावीकडे मेनू, खालच्या पट्टीवर उघडलेली कामे, असे सर्व ओळखीचे. तिला किमान दोन जीबी स्मृती लागते, पण चार जीबी असल्यास काम सुरळीत होते.

एक इशारा. सेंटओएस नावाची लोकप्रिय बांधणी रेड हॅट कंपनीच्या छत्राखाली होती. तिच्या आठव्या आवृत्तीला २०२९ पर्यंत आधार मिळेल असे जाहीर होते. डिसेंबर २०२० मध्ये तो २०२१ च्या अखेरीसच बंद करण्याचा निर्णय झाला. ज्यांनी भरवसा ठेवला होता ते अडचणीत आले. पण विहीर वक्फची असल्याने पाणी तुटले नाही. २०२१ मध्येच अल्मालिनक्स आणि रॉकी लिनक्स या दोन नव्या बांधण्या त्याच मजकुरावरून उभ्या राहिल्या. बंदिस्त प्रणालीचा मालक हात काढून घेतो तेव्हा गिऱ्हाइकाला असा मार्ग उरत नाही.

तीन बीएसडी

नेटबीएसडी आणि फ्रीबीएसडी या दोन्ही १९९३ मध्ये सुरू झाल्या. १९९५ मध्ये थिओ डी राट यांनी नेटबीएसडीतून बाहेर पडून ओपनबीएसडी काढली.

फ्रीबीएसडी ही तिघींत सर्वाधिक वापरली जाणारी. जड रहदारी सांभाळणाऱ्या सर्व्हरसाठी ती प्रसिद्ध आहे. नेटफ्लिक्स कंपनी आपले चित्रपट पोहोचवणाऱ्या यंत्रांवर तीच वापरते. तिच्यात झेडएफएस नावाची साठवण पद्धत अंगभूत मिळते. ही पद्धत डिस्कवरील माहिती खराब झाली तर ओळखते आणि एखाद्या क्षणीची संपूर्ण नोंद गोठवून ठेवू देते. चुकून फाइल पुसली गेली तर त्या नोंदीवरून परत मिळते.

ओपनबीएसडीचा सारा भर सुरक्षिततेवर आहे. दूरच्या यंत्राशी सुरक्षित बोलण्यासाठी जगभर वापरले जाणारे ओपनएसएसएच हे साधन याच मंडळींनी १९९९ मध्ये दिले. दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती येते आणि प्रत्येकीला सुमारे एकच वर्ष दुरुस्त्या मिळतात. म्हणजे वर्षातून एकदा तरी आवृत्ती बदलणे भाग आहे.

नेटबीएसडी ही पन्नासहून अधिक प्रकारच्या यंत्रांवर चालते. जुन्या ३२ बिटच्या संगणकांना डेबियन १३ आणि उबुंटू यांनी आता स्थापनेची सोय ठेवलेली नाही, परंतु नेटबीएसडी आणि ओपनबीएसडी त्यांवर अजून चालतात. मात्र अशा यंत्रावर आजची जड संकेतस्थळे उघडण्याची अपेक्षा धरू नये.

तिघींचीही एक समान उणीव आहे. वायफाय कार्ड, प्रिंटर, नवे ग्राफिक कार्ड यांचे चालक प्रोग्राम लिनक्ससाठी लवकर आणि अधिक प्रमाणात मिळतात. ओपनबीएसडीने तर ब्ल्यूटूथची सोय २०१४ मध्ये काढूनच टाकली.

आपल्या कामाच्या कसोटीवर

आता खरा प्रश्न, दुकानातील काम होईल का? आम्ही गोडगोड न बोलता सांगतो.

टॅली ही विंडोजसाठी बनते. जीएसटीचे ऑफलाइन विवरण तयार करण्याचे साधनही विंडोजसाठीच आहे. जीएसटीचे संकेतस्थळ आणि ई-वे बिल मात्र ब्राउझरमधून भरता येतात, त्यासाठी लिनक्स पुरेशी आहे. ग्नूकॅश हा दुहेरी नोंदीचा मुक्त हिशेब प्रोग्राम खतावणीसाठी चांगला आहे, पण जीएसटीची विवरणपत्रे तयार करून देणे हे त्याचे काम नाही. ज्यांचा सर्व हिशेब टॅलीवर आहे त्यांनी एका यंत्रावर विंडोज आणि टॅली रीतसर परवाना विकत घेऊन ठेवावी आणि बाकीची यंत्रे मुक्त करावीत. चोरीपेक्षा हा मार्ग महाग नाही, कारण पाच परवान्यांऐवजी एकच लागतो.

पत्रे, दरपत्रके आणि तक्त्यांसाठी लिब्रेऑफिस आहे. ती लिनक्सवरही चालते आणि बीएसडीवरही. मराठी आणि उर्दू युनिकोडमध्ये लिहिण्याची सोय आहे. उर्दूसाठी नस्तालीक वळणाचा मुक्त फॉन्टही मिळतो. पण इनपेजमध्ये केलेली जुनी उर्दू कामे थेट उघडत नाहीत आणि जुन्या मराठी फॉन्टमधील मजकूर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागतो. छपाईच्या व्यवसायातील बांधवांनी हे आधी तपासावे.

भरतकाम करणाऱ्या कारागिरांसाठी एक चांगली बातमी आहे. इंकस्केप हा नक्षी काढण्याचा मुक्त प्रोग्राम आणि त्याला जोडायचे इंकस्टिच हे साधन यांच्या मदतीने खाका काढून त्याचे टाके भरता येतात आणि एम्ब्रॉयडरी मशीनला चालणारी फाइल बनवता येते. ते लिनक्सवर तयार मिळते. बीएसडीसाठी त्याचे कर्ते तयार प्रत देत नाहीत. सुतारकाम व फॅब्रिकेशनच्या आराखड्यांसाठी लिब्रेकॅड आणि फ्रीकॅड आहेत.

बारकोड वाचणारे बहुतेक यंत्र संगणकाला कीबोर्डसारखे दिसते, म्हणून ते कोणत्याही प्रणालीवर चालते. प्रिंटरचे तसे नाही. काही स्वस्त लेझर प्रिंटर आणि पावतीचे थर्मल प्रिंटर लिनक्सवर त्रास देतात. विकत घेण्यापूर्वी चालवून पाहावे. डिजिटल सहीच्या टोकनलाही हीच कसोटी लावावी.

कोणी काय घ्यावे

गल्ल्यावर बसणाऱ्या, पत्रे लिहिणाऱ्या, इंटरनेट वापरणाऱ्या दुकानदाराने लिनक्स मिंट घ्यावी. जिथे चार-पाच यंत्रे आहेत आणि एकदा बसवले की हात लावायचा नाही, तिथे डेबियन. कारखान्यातील सर्व यंत्रांच्या फाइली एका ठिकाणी साठवायच्या असतील आणि जाणकार माणूस हाताशी असेल तर फ्रीबीएसडी. इंटरनेट आणि कार्यालय यांच्यामध्ये पहारेकरी यंत्र ठेवायचे असेल तर ओपनबीएसडी. नेटबीएसडी ही शिकणाऱ्याने आणि यंत्र बनवणाऱ्याने घ्यावी.

यापेक्षा मोठी कसोटी एकच आहे. यंत्र अडले तर संध्याकाळपर्यंत येऊन बघणारा माणूस कोणत्या प्रणालीचा जाणकार आहे? आपल्या गावात लिनक्स जाणणारा मुलगा सापडतो, बीएसडी जाणणारा क्वचित. म्हणून तांत्रिक गुणांत बीएसडी काही बाबतींत सरस असली तरी सामान्य दुकानासाठी आमचा कौल लिनक्सलाच आहे.

बदल कसा करावा

घाई करू नये. प्रथम सर्व हिशेब आणि फाइलींच्या दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी काढाव्यात. गिऱ्हाइकांची उधारी, त्यांचे पत्ते आणि आगाऊ रकमांची नोंद ही आपल्याकडे अमानत आहे, ती गमावण्याचा आपल्याला हक्क नाही. नंतर यूएसबीवर मिंट किंवा डेबियनची चालती प्रत घेऊन यंत्र त्यावरून सुरू करावे. यात आतील डिस्कला धक्का लागत नाही. वायफाय, आवाज, प्रिंटर तपासावेत. पंधरा दिवस एका यंत्रावर काम करून पाहावे, मगच बाकीची बदलावीत.

प्रणाली फुकट असली तरी बसवणाऱ्याची मजुरी आणि शिकण्याचा वेळ फुकट नसतो. त्या मुलाला योग्य मोबदला द्यावा. ही मजुरी गावातच राहते आणि एका तरुणाला हुन्नर मिळतो. केरळ सरकारच्या शाळांतील संगणक शिक्षण अनेक वर्षांपासून मुक्त प्रणालीवर चालते. मुख्यालय पुण्यात असलेल्या सी-डॅक या सरकारी संस्थेनेही डेबियनच्या पायावर 'बॉस' नावाची भारतीय बांधणी काढली. आपल्या मदरशांत आणि शाळांत संगणक वर्ग आहेत, तिथेही हा विचार व्हावा, असे आम्हाला वाटते.

आपल्या दुकानातील संगणकाजवळ जाऊन त्यातील प्रणालीचे बिल किंवा परवाना आहे का, हे प्रत्येक बांधवाने आजच पाहावे. नसेल तर मार्ग दोनच आहेत, विकत घ्या किंवा मुक्त प्रणाली वापरा. दोन्ही हलाल आहेत. तिसरा मार्ग सोडण्यासाठी आता पैशाची सबब उरलेली नाही. अल्लाह आपल्या सर्वांच्या रोजीत बरकत देवो.